गोष्टीतला मालक

प्रियदर्शनीनं शेवटची ओळ वाचून वही मिटली, तरी बेबीनंदाच्या हातातला चिमटा थांबला नव्हता. संकरित बियाण्यासाठी मिरचीची कळी उमलायच्या आत अलगद उघडायची, आतले तंतू उपटून टाकायचे, की लगेच पुढची कळी. सकाळी सातपासून तिचं हेच चाललं होतं. शेडनेटच्या जाळीखाली उकडत होतं आणि तिच्या कपाळावरचे केस घामानं चिकटले होते.

"कशी वाटली?"

"चांगली हाय."

"तालुक्याच्या कथास्पर्धेत पहिली आली. उद्या शाळेत सगळ्यांसमोर वाचायचीय." प्रियदर्शनी घाईनं म्हणाली, "तुझं नाव न्हाई घातलं मी. शेवंता घातलं."

"कळलं की मला."

दोघी नववीत, एकाच बाकावरच्या. पण पोळ्यापासून बेबीनंदा शाळेत आली नव्हती. गोष्टीतली शेवंताही अशीच नेटमध्ये कळ्या उघडायची. एक दिवस ती चिमटा फेकते आणि मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणते, 'मी शाळेत चालले.' मालक शिव्या देत राहतो, ती मागं वळूनही बघत नाही. वर्गात ही ओळ वाचताना मराठीच्या मार्तंड सरांचा आवाज भरून आला होता.

"एक इचारू का?" बेबीनंदा खालीच बघत म्हणाली. "ती पोरगी मालकाला तोंडावर बोलली. मी कवा बोलले गं?"

"गोष्ट आहे ती. गोष्टीत बोलावं लागतं."

"असंल. अन् मालक? त्यो परगावचा कसा काय झाला? दारू पिणारा, शिव्या देणारा?"

प्रियदर्शनीची नजर नेटच्या दुसऱ्या टोकाला गेली.

तिथं आप्पा, म्हणजे तिचे वडील बद्रीनाथ, बियाणे कंपनीच्या साहेबाला झाडं दाखवत होते. त्यांचा आवाज इथवर येत होता. "बारक्या बोटांनी कळी मोडत न्हाई, साहेब. मोठ्या बाया लई नासधूस करतात."

आप्पा दारू पीत नव्हते. पोरींवर कधी ओरडत नव्हते. लिहिताना तिनं आधी त्यांनाच लिहिलं होतं, दोन ओळी. मग पान फाडलं. त्यानंतर तो परगावचा माणूस आपोआप सुचत गेला.

"मी न बोललेलं तुला बराबर लिव्हता आलं," बेबीनंदा म्हणाली, "तुझं सोताचं तेवढं न्हाई आलं." आणि ती पुढच्या सरीत गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात सतरंज्या अंथरल्या होत्या. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणून आप्पा पहिल्या खुर्चीवर, गळ्यात हार. लेकीचं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांच्या आधी त्यांनीच टाळ्या वाजवल्या.

ती वाचू लागली. शेवंता आली, नेट आलं, कळ्या आल्या. 'मालक परगावचा होता' ही ओळ समोर आली आणि ती थांबली. मार्तंड सर बाजूनं हळूच म्हणाले, "वाच, वाच. घाबरू नको."

तिनं कागद खाली केला.

"मालक परगावचा नव्हता," ती म्हणाली. माईक करकरला. "नेट आमचं आहे. मालक माझे वडील आहेत. ते शिव्या देत नाहीत. शेवंता नावाची कोणी नाही, ती माझी मैत्रीण आहे. मी रोज दप्तर घेऊन नेटवरून जाते. ती मला बघते. मी खाली बघते. ती मालकाला काहीच बोलली नाही. मी पण नाही बोलले."

ती तशीच खाली उतरली. टाळ्या झाल्या नाहीत. आप्पा हारातली एकेक पाकळी तोडत बसले होते.

घरी जाताना ती मोटारसायकलवर त्यांच्या मागं बसली. गावाच्या कमानीपाशी त्यांनी गाडी थांबवली. मागं न वळताच विचारलं, "हे मला घरी सांगता आलं नसतं का?"

"दोन महिने सांगायचं म्हणत होते, आप्पा."

त्यांनी गाडीला किक मारली.

दोन दिवसांनी बेबीनंदा शाळेत आली. गणवेश आखूड झाला होता. प्रियदर्शनीला एकदम रडूच आलं. ती सरकली, बाकावर जागा केली, आपल्या वह्या तिच्यापुढं ठेवल्या. "सगळा अभ्यास आहे यात. आप्पांनीच पाठवलं ना तुला?"

"हां. घरी आल्ते. पोरीला शाळंत घाला म्हणले, अन् हिच्या जागी कुणी मोठं माणूस द्या."

"मंग?"

बेबीनंदानं वही उघडली. पेनाचं टोपण काढलं, तारीख घातली.

"मंग आई गेली कामावर. ती बाळंत झाली म्हणून तर मी जात व्हते तिच्या जागी. आता लहान्याला झोळीत घालून नेटमधीच टांगलंय." तिनं मान वर करून प्रियदर्शनीकडं सरळ बघितलं. "हे मात्र लिव्हू नको."