शेपटातले फोन

"अंकित, तूच ना रे?" जयानं विचारलं आणि पलीकडून फोन बंद झाला.

तिनं स्वयंपाकघराच्या दारामागे लावलेल्या आलेखावर एक ठिपका दिला. पिपरी मेघे गावातल्या त्या घरात जुना लँडलाइन अजून होता, तो यासाठीच. त्यावर नंबर दिसत नसे, पण पोराला तेवढा एकच नंबर तोंडपाठ होता. दोन वर्षांपूर्वी अंकित बापाशी कडाक्याचं भांडून नागपूरला गेला, तो गेलाच. काही महिन्यांनी हे मुके फोन सुरू झाले.

अंकितचे वडील ज्ञानेश्वर भाजीची पिशवी घेऊन बाजारातून आले.

"आलता का फोन?"

"आलता. लगेच ठेवला."

"चाल, आला तं खरं. आता पोटभर जेवजो," ते म्हणाले. आलेखाकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यातलं त्यांना ओ की ठो कळत नसे.

जया कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. कोणता फोन किती वेळ चालला, याचा तिनं आलेख केला होता. दुसरं काय करणार होती ती? डावीकडे ठिपक्यांचा हा ढीग, सगळे दोन-चार सेकंदांचे. मग बरीच मोकळी जागा. आणि उजवीकडे लांबच लांब शेपूट, दहा मिनिटांचे, वीस मिनिटांचे, मोजकेच ठिपके. 'सरासरीवर जाऊ नका,' ती वर्गात बजावायची, 'शेपटातले चार आकडे तिला आपल्याकडे ओढून नेतात.' इथंही सरासरी दीड मिनिट निघाली होती, आणि दीड मिनिटाचा फोन एकही नव्हता.

शेपटातल्या त्या फोनांवर ती जगत होती. ती बोलत राहायची, आज भरीत केलं म्हणायची, आणि पलीकडे कुणीतरी नुसता श्वास घेत ऐकायचं. मागून रेल्वे धडधडत जायची. नवऱ्याला तिनं हे कधीच सांगितलं नाही. भांडून गेलेला पोरगा आईपाशी एवढा वेळ थांबतो, हे ऐकून त्यांना फार लागलं असतं.

त्या आठवड्यात शेपूट आणखी लांबलं. चाळीस मिनिटं! मग तिला राहवेना. सकाळी उठून तिनं बॅग भरली.

"नागपूरले चालली मी. अंकितले घेऊन येतो."

"एवढ्या मोठ्या शहरात कुठं शोधशीन?"

"रेल्वेच्या रुळाजवळ."

ज्ञानेश्वरांनी चहाचा कप खाली ठेवला. "रुळाजवळ? तुले कोनं सांगतलं?"

"सांगाले कोन पाह्यजे? मले माहीत आहे."

त्यांनी बॅगेचा पट्टा घट्ट धरला. "नको जाऊ, जया. अंकित नाई राह्यला."

जयानं बॅगेवरचा हात काढला.

"तवाच गेला तो. रूळ ओलांडून राह्यलता. पोलिसांनं मले बोलावलं. मीच ओळखलं, मीच अग्नी देला. तू अन्न सोडलं होतं, तुले कसं सांगू? मंग बाजारात गेलो का दुसऱ्या मोबाइलवरून मीच फोन लावो. तुहा आवाज आला का हातपाय गळे माहे. तेवढ्यातच बंद करून टाको."

जयानं स्वयंपाकघराचं दार धरलं. रडू फुटायच्या आत तिची नजर आलेखाच्या उजव्या टोकाला गेली.

"अन् ते वीस-वीस मिनिटांचे?"

ज्ञानेश्वरांनी डोळे पुसले आणि तिच्याकडे पाहिलं.

"कोनते वीस मिनिटांचे?"