मधला कार्ब्युरेटर

"अर्धा वळसा, रोझ. त्याहून जास्त नको. नाहीतर गाडी सुरूच व्हायची नाही आणि तो ती ओढून आपल्या घरी नेईल."

शेवटच्या दिवसांत तिच्या नवऱ्याचा, अल्विनचा, आवाज इतका बारीक झाला होता की रोझेलाला कान त्याच्या उशीपाशी न्यावा लागे. सांगणं मात्र स्पष्ट होतं. त्याचा मित्र नॉर्बर्ट आठवडाभर धान्याच्या कोठारावर कामात असतो, तोवर ठीक. रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की त्याला घर खायला उठतं आणि बाटली आठवते.

"दया दाखवलीस तर दार लावून घेईल," अल्विन म्हणाला होता. "त्याला काम दे. कामाला तो नाही म्हणत नाही."

अल्विनच्या लाल गाडीच्या बॉनेटखाली एका ओळीत तीन कार्ब्युरेटर होते, इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारे. रोजचं काम मधल्याचं. कडेचे दोघे ॲक्सिलरेटर पुरता दाबला की मगच जागे होत. नॉर्बर्टच्या निळ्या गाडीत हुबेहूब तेच इंजिन, तेच तिघे. दोघं मित्र तरुणपणापासून एकाच रीतीने दोष शोधत आले होते. याचा मधला त्याच्या गाडीत, त्याचा याच्या. दोष कार्ब्युरेटरबरोबर गेला तर कार्ब्युरेटरचा, मागे राहिला तर इंजिनाचा.

अल्विन गेल्यापासून रोझेला दर शनिवारी माळ जपून झाली की गॅरेजमध्ये जाई आणि मधल्याचा स्क्रू अर्धा वळसा आत पिळे. रविवारी गाडी खोकायला लागे. नॉर्बर्ट येई, दुपारभर अदलाबदल करी, जेवे आणि दिवस कलल्यावर घरी जाई. मक्याची शेतं कापून झाली, बर्फ पडलं, बर्फ वितळलं. बाटलीला त्याने हात लावला नव्हता. रोझेला रोज देवाचे आभार मानी आणि त्याच दमात खोटेपणाची क्षमाही मागे.

मग उपवासकाळ लागला. कपाळावर राख लावून घेताना तिने मनाशी नेम धरला. ईस्टरपर्यंत खोटं नाही. तोंडाने नाही, हातानेही नाही.

त्या शनिवारी ती गॅरेजमध्ये गेली, स्क्रूड्रायव्हर उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"देवा, आता तूच बघ रे बाबा," ती म्हणाली.

रविवारी निळी गाडी अंगणात येऊन थांबली. नॉर्बर्ट बाह्या सरसावतच उतरला.

"काय म्हणतेय म्हातारी?"

"कोण? मी की गाडी?"

"जी जास्त कुरकुरते ती."

त्याने लाल गाडीची किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं आणि मांजरासारखं घुरघुरत राहिलं. नॉर्बर्ट मान वाकडी करून बराच वेळ ऐकत होता. मग त्याने वळून तिच्याकडे पाहिलं.

"बरी झाली की ही. आज माझं काही काम दिसत नाही."

"जेवून तर जा."

"काम केल्याशिवाय मला घास गिळवत नाही, रोझ. माहितीये तुला."

त्याने फडक्याला हात पुसले, तेही स्वच्छ असताना. रोझेलाला त्याचं बंद खिडक्यांचं घर दिसलं, त्यातली लांबच लांब दुपार दिसली. अजून थोडी तक्रार आहे रे, एवढंच म्हणायचं होतं. पण नेमाने तिची जीभ धरून ठेवली.

नॉर्बर्ट दारापर्यंत गेला, थांबला आणि परत आला.

"तरी पण एकदा अदलाबदल करून बघतो. तीन कार्ब्युरेटर म्हणजे एका स्वयंपाकघरात तीन बहिणी. आज गोडीगुलाबीत दिसतात, उद्याचा भरवसा नाही. तू जा, तुझे नूडल्स करपतील."

रोझेला आत गेली. चिकन नूडल्स रटरटत होते. तिने बटाटे कुस्करले, टेबल पुसलं. बाहेर पान्यांचा आवाज चालूच होता. मग एकदम इंजिनाचा ठसका ऐकू आला, पाठोपाठ दुसरा. ती तशीच ओल्या हातांनी धावली.

लाल गाडी हुडहुडी भरल्यासारखी थरथरत होती.

"बघ," नॉर्बर्ट गंभीरपणे म्हणाला. "माझा मधला इथवर सुतासारखा चालत आला. तुझ्या गाडीत बसवला तर खोकतोय. म्हणजे दोष इंजिनाचा. आता काही आठवडे तरी माझी सुटका नाही."

"अरे देवा!" रोझेला म्हणाली. नॉर्बर्टला ती हाय वाटली असेल. ते आभार होते. तिने स्क्रूला बोटही लावलं नव्हतं, तरी गाडी बिघडली होती. घरात जाऊन तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि डोळे पुसले. एवढ्याशा गोष्टीसाठीही देव वरून हात घालतो, आणि आपण उगाच जीव टांगून बसतो.

जेवण तयार झालं तशी ती त्याला बोलवायला निघाली. गॅरेजचं दार अर्धवट लोटलेलं होतं. इंजिन बंद होतं. नॉर्बर्ट बॉनेटखाली वाकून कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होता.

"काय करणार, अल्विन? आज तिने स्क्रू पिळलाच नव्हता. मग माझ्याच कार्ब्युरेटरचा पिळावा लागला. बरं झालं, ती आत गेली होती."

रोझेला जागच्या जागी थांबली.

"दारू तर आता मनातसुद्धा येत नाही. पण तिला सांगत नाही. माझी काळजी मिटली तर ती माझ्यासाठी चूल पेटवायची नाही, आणि स्वतःपुरतं ती काही शिजवत नाही. तू गेलास त्या महिन्यात कशी वाळली होती, बघवत नव्हतं रे. रविवारी तरी तिच्या पोटात गरम घास जाईल, असा शब्द दिलाय तुला. चाललंय तसं."

रोझेला पावलं न वाजवता स्वयंपाकघरात परतली आणि तिने आधी स्वतःचं ताट वाढून घेतलं.