अठरा तारखेचा नवस

"पुढची तारीख अठरा," जजसाहेब म्हणाले. "मुलाची साक्ष घेऊ. त्याला हजर ठेवा."

चांगुणानं झटकन मान वर केली. तिची स्वतःची साक्ष नुकतीच संपली होती. पिंजऱ्यातून उतरून ती जेमतेम बाकावर टेकली होती. अठराला तिच्या पोराचा, आनंदराजचा, शेवटचा पेपर. नांदेडजवळ विष्णुपुरीला, इंजिनिअरिंगच्या कॉलेजात. गावाला मात्र तिनं सांगून ठेवलं होतं, पोरगं पुण्यात कुठल्याशा कंपनीत कामाला लागलंय. त्याच्या बापाला, व्यंकटीला, बांधावर जीव जाईस्तोवर मारलं तेव्हा पाहणारा तो एकटाच होता.

तिनं सरकारी वकिलाचा काळा कोट ओढला. "साहेब, अठरा नगं."

"मला नाही, कोर्टाला सांगा," पुढची फाईल उघडत वकील म्हणाले.

ती उठली. हात जोडले. "साहेब, अठराला जमत न्हाई. दुसरी तारीख द्या."

"कारण?"

तिनं मागं वळून पाहिलं. मागच्या बाकावर रामकिशन होता, व्यंकटीच्या खुनातला आरोपी, जामिनावर सुटलेला. शेजारी त्याचा पुतण्या बालाजी. दोघांनी कान टवकारले होते. साहेबांना खरं सांगायचं तर ते या दोघांनाही सांगावं लागणार. कोर्टात कुजबुजायची सोय नसते.

"कारण सांगा, बाई."

सकाळी लातूरच्या स्टँडवर समोरच उभी असलेली एसटी तिला आठवली. तिच्यावरची पाटी आठवली.

"माहूरला जायचंय. रेणुकामायचा नवस हाय. आमी दोघं मायलेकरं."

आजेसासऱ्यानं छप्पन साली बौद्ध होऊन घरातले देव नदीत सोडले होते. तेव्हापासून त्या घरात नारळ फुटला नव्हता. पण जीवावर बेतलं की तोंडातून काय निघेल याचा नेम नसतो.

कोणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. "देवी काय नंतर भेटत नाही?" म्हणाले, आणि पुन्हा कॅलेंडरकडे पाहिलं. "पंचवीस. यानंतर वाढवून मिळणार नाही."

मिळाली तारीख! चांगुणा बाहेर आली आणि व्हरांड्यातल्या नळाला ओंजळ लावून घटाघटा पाणी प्यायली. तोंड पुसून वळते तर समोर रामकिशन. दारावरचा हवालदार चहाला गेलेला.

"देवीला चालल्या म्हणं, चांगुणाबाई. जयभीमवाल्याच्या घरी नवस कवापासून?"

"बोलले व्हते म्या. पोरासाठी."

"याच्या आधी गेलता का कधी?"

"हाव."

"मंग परसाद काय देतेत तिथं?"

देवी म्हटल्यावर दुसरं काय देणार? "पेढा," ती म्हणाली.

बालाजीनं काकाकडं पाहिलं. रामकिशन सावकाश हसला. "तांबूल देतेत, बाई. कुटलेला इडा. आमच्यातलं शेंबडं पोरगं बी सांगंल." मग आवाज खाली आणून म्हणाला, "अठराला आमची जीप बी जायलीच गडावर. दोघं दिसलात तर बरंच हाय. न्हाई दिसलात, तर पोरगं कुठं ठिवलंय ते हुडकावं लागंल."

भिंतीला हात लावून ती उभी राहिली. भ्यायलेल्या माणसाला अक्कल सुचत नाही म्हणतात, पण तिला त्या क्षणी एक गोष्ट लख्ख दिसली. अठराला यांची जीप माहूरच्या गडाखाली उभी असली, तर ती विष्णुपुरीला नसेल. मायलेकरांची वाट बघत हे पायऱ्यांवर बसतील आणि तिकडं पोराचा पेपर सुखानं पार पडेल. गडावर यांना सापडेल ती एकटीच. त्यापुढचा विचार तिनं केला नाही.

"या की," ती म्हणाली. "आमी येतावच."

स्टँडवर रिझर्वेशनच्या खिडकीशी ती उभी राहिली तेव्हा बालाजी तिच्या मागं येऊन थांबला होता. मोटरसायकलची किल्ली तो बोटात फिरवत होता. किल्लीचा खुळखुळ आवाज येत होता.

"अठराची माहूर. सकाळची पयली गाडी."

"किती जण?" आतला माणूस मान वर न करता म्हणाला.

तिनं पदराची गाठ सोडून पैसे काढले.

"दोन," ती म्हणाली, मागच्यालाही नीट ऐकू जाईल असं.