चिकाला सुटलेलं पाणी

वच्छलाबाईनं हातातली पिशवी खाली ठेवली न ठेवली, तोच केरबानं स्टीलचा डबा तिच्यापुढं सरकवला. "आधी हे खा. तुझ्यासाठी ठेवलाय."

गव्हाचा चीक होता. वरच्या गीताबाईनं गच्चीवर कुरडया घातल्या, तेव्हा केरबानं मागून आणलेला. बायकोचा सगळा जीव चिकावर, आणि ती नेमकी ऐन कुरडयांत लेकीच्या बाळंतपणाला सिल्लोडला! म्हणून डबा गेला बर्फाच्या कप्प्यात. आता ती "झकास" म्हणाली की भरून पावलं, असं केरबाला झालं होतं.

झाकण निघालं. कसला चीक न् कसलं काय! भोकाभोकांचा स्पंज, आणि भोवती पाणीच पाणी. वच्छलाबाईनं बोटानं दाबला, तर आणखी पाणी सुटलं.

"अगं बया! कितीदा काढला बाहेर?"

"एकदाच की. आज सकाळी."

"एकदा गोठून एवढा इस्कोट नाय होत. सारखा गोठला, सारखा इरघळला, तरच असं पाणी सोडतो. दरसाल मी ठेवते, मला शिकवता व्हय?"

"लाईट लई जाती," केरबा पुटपुटला.

गीताबाई जिन्यातूनच हसली. "कुठं गेली लाईट? वयनी, दर शनिवारी सकाळी डबा बाहेर काढायचे. म्हणायचे, आज येतीच बघा ती. रात झाली की गपचूप पुन्हा आत."

केरबाला तोंड कुठं लपवावं कळेना.

वच्छलाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. "आन् फोनवर काय म्हणायचात? 'ऱ्हा निवांत, इथं तुझ्यावाचून काय अडलं नाय.' मलाबी वाटलं, मग कशाला जायचं घाईनं? कोण वाट बघतंय?"

"आण इकडं, टाकून देतो," म्हणत केरबानं डब्याला हात घातला.

तिनं तो हात बाजूला सारला. वर तेल-मीठ घातलं, आणि तो चिवट चीक कचाकचा चावत बसली. केरबाला तिची भारी माया आली.

"पाणी तरी ओतून दे," तो हळूच म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या," वच्छलाबाई म्हणाली, आणि डबा तोंडाला लावून तिनं तेही पिऊन टाकलं.