घुरघुर

कान: बाजूला वळलेले. दोन.

प्राण्यांच्या डॉक्टरने छापील कागदावर आकडा लिहिला आणि ती मांजरीसमोर पुन्हा वाकली. सकाळपासूनचं हे एकोणिसावं जनावर. कंबर बोलायला लागली होती.

टेबलाच्या पलीकडे शिंपी उभा होता. गळ्यातली टेप दुकान बंद करताना काढायची राहिली होती. आपण फक्त नखं कापून घ्यायला आलोय, हे त्याने दोनदा सांगितलं. मांजर चौदा वर्षांची, नाव बाईसाहेब. हल्ली शिलाई मशीनवर उडी मारत नाही, पण ते वयामुळे. खाते, मात्र मान तिरकी करून, एकाच बाजूने.

"नखरे, दुसरं काय," तो म्हणाला.

डोळे: अर्धे मिटलेले. दोन.

बाकी मजेत आहे, शिंप्याने सांगितलं. पूर्वी मांडीवर घेतली तरच घुरघुरायची. आता एकटी कोपऱ्यात बसली असली तरी चालू. आत्ताही चालू होती. स्टीलच्या टेबलावर हात ठेवला तरी हाताला कळत होतं.

तोंड: ताणलेलं. एक.
मिशा: ताठ, पुढे. एक.

"काका, ही अशी सारखी घुरघुर कधीपासून?"

दीड महिना. त्याला हिशोब करावा लागला नाही. बायको उपचारासाठी लेकीकडे गेली, त्यालाही दीडच महिना झाला होता. रोज सहाला तिचा फोन येतो. नवऱ्याची चौकशी नंतर, आधी बाईसाहेबांची. मग शिंपी फोन मांजरीच्या अंगाशी धरतो आणि ती पलीकडे ऐकत पडून राहते. गोळ्यांनी लागत नाही तो डोळा या आवाजाने लागतो, म्हणते. तुमच्या मशीनपेक्षा हिची बरी, तेल मागत नाही, असंही म्हणते. हे सांगताना शिंपी हसला. डॉक्टरच्या अंगात हसण्याचंही त्राण नव्हतं, तरी तीही हसली.

मान: खांद्यांच्या खाली. एक.

बेरीज सात. कागदाच्या तळाशी छापलेलं होतं: चार किंवा जास्त असल्यास प्राण्याला वेदना आहेत असे समजावे.

तिने अंगठ्याने मांजरीचा ओठ वर केला. मागच्या दाताच्या मुळाशी लालबुंद खड्डा. मांजरीचा जबडा थरथरला आणि घुरघुर एकदम वाढली.

"बघा," शिंपी म्हणाला, "आवडलात तुम्ही तिला."

डॉक्टरने ओठ सोडला. पुढचं वाक्य तिने आजवर इतक्या जणांना सांगितलं होतं की आता ते सांगताना ती समोरच्याकडे बघत नसे.

"मांजरं सुखात घुरघुरतात, काका, आणि दुखण्यातही घुरघुरतात. स्वतःच स्वतःला थोपटल्यासारखं. हिचा दात किडलाय. ही कधीची दुखणं काढतेय."

शिंप्याने टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं.

"एकदाही ओरडली नाही."

"ओरडत नाहीत."

"म्हणजे मी रोज सहाला हिच्या..."

डॉक्टरने इंजेक्शन दिलं. दात उद्या सकाळी काढू, उपाशीपोटी आणा, म्हणाली. पण आता अर्धा तास थांबा, औषध लागू पडलं का ते बघून सोडते. शिंपी मांजरीची टोपली मांडीवर घेऊन बाकावर बसला. डॉक्टरने तो कागद त्याच्याच हातात ठेवला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

अर्ध्या तासाने डॉक्टर टोपलीवर पुन्हा वाकली:

कान: सैल.
डोळे: मिटलेले. झोपलीय.

"झोपलेल्याला आकडे देत नाहीत," डॉक्टर म्हणाली आणि पेनला टोपण लावलं.

मांजरीचं पोट सावकाश वरखाली होत होतं. शिंप्याने टोपलीवर तळहात ठेवून पाहिला. काहीच नाही. घुरघुर थांबली होती.

फोन वाजला. सहा. सवयीने त्याने स्पीकर लावला.

"कुठायत माझ्या बाईसाहेब? धरा जवळ."

त्याने फोन टोपलीत धरला. कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ ठिबकत होता, तेवढंच ऐकू येत होतं.

"अहो, आवाज येत नाही. आज का घुरघुरत नाही ती?"

"आज तिला बरं आहे," शिंपी म्हणाला.

पलीकडे बायकोला ते समजलं नाही. तरी ती हसली. बरं बाबा, म्हणाली, तिला बरं, मलाही बरं. मी अगदी मजेत, काही म्हणजे काही त्रास नाही. हे वाक्य ती रोज म्हणायची, याच चालीवर. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो तेच ऐकवत आला होता. वाक्य संपलं तरी ती हसतच होती. बारीक, एकसारखं, मध्ये श्वास न घेता.

शिंप्याने हातातल्या कागदाकडे पाहिलं. कान, डोळे, तोंड. फोनवर यातलं काहीच दिसत नव्हतं. दीड महिन्यात तिने एकदाही कॅमेरा लावला नव्हता. केस विंचरायचे राहिलेत, रोज हेच कारण.

"अगं," तो म्हणाला, "जरा चेहरा दाखव."

"अहो, केस..."

"असू देत कसेही. दाखव."

पलीकडचं हसणं थांबलं.