पंचांच्या सहीचा कागद

वार्ताहर मध्यंतरालाच उठून गेला, म्हणून पेपरात आमचं कॉलेज दोन-शून्यनं हरलं. नंतर पोरींनी तीन गोल मारले. तिन्ही माझ्या पुतणीचे. आम्ही चार जुने विद्यार्थी, ओरडून घसे बसलेले, पंचांच्या सहीचा कागद घेऊन पेपरच्या ऑफिसात धडकलो. उपसंपादक म्हणाला, “काका, असले कागद रोज येतात. हॉकी संघटनेचं पत्र आणा, उद्याच दुरुस्ती छापतो.” संघटनेच्या सचिवांनी पाणी दिलं. “मॅच मीही पाहिली. काय खेळली तुमची पोर.” “मग पत्र द्या ना, साहेब. रविवारी राज्यसंघाची निवड आहे.” “देतो की. पण रेकॉर्डला असेल तेच लिहिणार. पंचांचे कागद हरवतात हो, म्हणून वीस वर्षं हीच पद्धत.” त्यांनी फाईल पुढ्यात सरकवली. प्रत्येक पानावर पेपरचं कात्रण होतं. शेवटच्या पानावर आम्ही हरलो होतो. डिंक अजून ओला होता.