पानसोट

नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर दोन पेशी काढल्या आणि गोपिकाच्या रिपोर्टचा अर्थ सांगायला घेतला. "ही साधी पेशी. कुठं थांबायचं ते हिला कळतं, वेळ झाली की मरते. आणि ही कॅन्सरची. थांबत नाही, मरत नाही, शरीराचं एक काम करत नाही. नुसती वाढत राहते."

गोपिकाचा नवरा देविदास कागदावर वाकला. "म्हणजे आमच्या संत्र्याच्या पानसोटावानी, साहेब," तो हळूच म्हणाला. "तो कोंब सरळ वर वाढते, झाडाचं सारं पाणी पिते, अन् फळ एक देत नाही."

"अगदी तसंच. आपण गाठ कापून काढू."

गोपिकानं नवऱ्याकडं पाहिलं. "पानसोट कापला का झाड सुदरते ना वो?"

"सुदरते ना," तिच्याकडं न बघता तो म्हणाला.

तीस वर्षं नरखेडच्या बागेत तो पानसोट कापत आला होता. आणि दरवर्षी त्याच झाडांवर, त्याच जागी नव्यानं फुटलेले, कापून पडलेले पानसोट उचलून बांधावर टाकणारी गोपिकाच होती.